नाझरसाहेबांचा बोकड

ज्याला सर्व काही आठवते तो मनुष्य समाजाला फारसा उपद्रव देत नाही, कारण त्याचे बोलणे लवकर संपते. ज्याला काहीच आठवत नाही तोही देत नाही, कारण त्याचे बोलणे सुरूच होत नाही. परंतु ज्याला एखादी गोष्ट अर्धी आठवते आणि उरलेली अर्धी दुसऱ्या कोणाला तरी आठवत असलीच पाहिजे अशी ज्याची दृढ श्रद्धा असते, तो गृहस्थ ज्या पेठेत राहतो त्या पेठेतील यच्चयावत रहिवाशांना त्याच्या विस्मरणाचे हप्ते आपापल्या वेळेतून फेडावे लागतात. अशा गृहस्थांच्या जाती अनेक आहेत. कोणी लहानपणी ऐकलेल्या भावगीताच्या दुसऱ्या कडव्यामागे असतो, कोणी एखाद्या बोलपटातील खलनायकाच्या नावामागे असतो, तर कोणी आजोळच्या लोणच्याच्या कृतीमागे असतो. या सर्वांत दुर्मिळ आणि सर्वांत चिवट जात म्हणजे जुन्या मासिकातले व्यंगचित्र शोधणाऱ्याची होय. विसरलेले गाणे निदान गुणगुणता येते आणि लोणच्याचा निदान वास सांगता येतो. व्यंगचित्राचे तसे नाही. ते तोंडाने सांगू लागावे तर ऐकणाऱ्याला हसू येत नाही, आणि हातवारे करून दाखवू लागावे तर हसू येते ते दाखवणाऱ्याचे.

अकोल्याच्या जठारपेठेत या जातीचे जे एक अव्वल गृहस्थ राहतात त्यांना सारी पेठ नाझरसाहेब म्हणून ओळखते. एका दिवाणी कचेरीत उमेदवार कारकून म्हणून ते लागले आणि नाझर म्हणून निवृत्त झाले. समन्सांची तामिली, जप्तीचा मुद्देमाल आणि लिलावाची रक्कम या तीन गोष्टींचा चोख हिशेब ठेवण्यात त्यांची हयात गेली, आणि एवढ्या हयातीत एका पैचाही फरक निघाला नाही ही गोष्ट ते नम्रपणे, परंतु वारंवार सांगत असतात. निवृत्त होताना त्यांनी कचेरीची दप्तरे, किल्ल्या आणि शिक्के रीतसर सुपूर्द केले. फक्त भाषा सुपूर्द करावयाची राहून गेली. त्यामुळे दूधवाला आला नाही तर त्यांच्या घरी ‘इसम मजकूर गैरहजर’ असतो, भाजीत मीठ कमी पडले तर त्याबद्दल ‘खुलासा मागवण्यात येतो’, आणि नातवाने सहलीसाठी पैसे मागितले तर ‘अर्ज दाखल, निर्णय राखून’ असे उत्तर त्याला मिळते. देह उंच आणि शिडशिडीत, नाकावर दोरी बांधलेला चष्मा, अंगात पांढराशुभ्र सदरा, आणि काखेत लाल फडक्यात बांधलेला एक बस्ता, अशा थाटात ते रोज संध्याकाळी घरून निघून सातव चौकापर्यंत जातात. वाटेत भेटणारी ओळखीची मंडळी त्यांना नमस्कार करून लगबगीने पुढे सटकण्याचा जो प्रयत्न करतात तो बहुधा फसतो, कारण समन्स चुकवणारी माणसे पकडण्यात ज्याची उमर गेली त्याला नमस्कारावर फार काळ गुंतवून ठेवता येत नाही.

त्या बस्त्यात आहे ती एका व्यंगचित्राची मिसल. प्रकरण जुने आहे. नाझरसाहेब मराठी शाळेत शिकत असताना उन्हाळ्याच्या सुटीत मूर्तिजापूरला मामांकडे जात असत. मामा तिथल्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस होते, आणि मासिके वाचणे हे त्यांचे एकमेव व्यसन होते. एका दुपारी, वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून झाल्यावर, मामा पलंगावर पडून मासिक चाळत असता एका पानाशी थबकले आणि हसू लागले. भाच्याने मान वर करून पाहिले तो एक चित्र. लठ्ठ गृहस्थ, अंगात बंद गळ्याचा कोट. त्यांच्या मागे दोन पावलांवर एक कृश बाई. गृहस्थांच्या हाती उघडी छत्री, पाऊस मात्र नाही. आणि उजव्या कोपऱ्यात एक बोकड. त्या बोकडाच्या तोंडात काहीतरी होते. ते काय होते हे पाहण्यासाठी भाचा पुढे सरकला, तोच मामांना हसता हसता ठसका लागला, मामी पाणी घेऊन धावल्या, आणि त्या गडबडीत मासिक मिटले गेले ते गेलेच. बोकडाच्या तोंडात काय होते हे नाझरसाहेबांना सांगता येत नाही. सगळा विनोद तिथेच होता, एवढे मात्र ते शपथेवर सांगतात.

सामान्य मनुष्याने ही गोष्ट सोडून दिली असती, आणि नोकरीत असेपर्यंत नाझरसाहेबांनीही ती सोडूनच दिली होती. परंतु निवृत्तीनंतर लगेचच, ज्या वयात इतर लोक अध्यात्माकडे वळतात त्या वयात, ते या बोकडाकडे वळले. त्यांनी प्रथम संशयित मासिकांची एक फेरिस्त तयार केली आणि प्रत्येक नावापुढे शेरा लिहिला. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’चे नाव अग्रभागी होते, कारण १९०९ साली त्यांनी काढलेल्या अंकापासून मराठीत दिवाळी अंकांची परंपरा धरली जाते आणि नाझरसाहेबांना कोणतेही प्रकरण मूळ पुरुषापासून सुरू करण्याची सवय आहे, पण मामांच्या ठसक्यापूर्वीच ते मासिक कालवश झाले असल्यामुळे ‘मयत, सबब वगळले’ असा शेरा पडला. ‘मार्मिक’ १३ ऑगस्ट १९६० रोजी निघाले आणि ‘ललित’ त्याहून पुढे १९६४ मध्ये. मामांचा ठसका त्या दोहोंच्या आधीचा. त्यामुळे त्यांची ‘वारदातीसमयी जन्म नव्हता’ या कारणास्तव निर्दोष मुक्तता झाली. खरा संशय उरला तो ‘किर्लोस्कर’ आणि ‘मनोहर’ यांच्यावर, अनंत अंतरकरांच्या ‘हंस’, ‘मोहिनी’ आणि ‘नवल’ या त्रयीवर, दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’वर, आणि ‘आवाज’वर.

‘किर्लोस्कर’ची तपासणी करताना एक कायदेशीर पेच उद्भवला. शंकरराव किर्लोस्कर हे त्या मासिकाचे संपादक, आणि व्यंगचित्रेही ते स्वतःच काढीत. त्यांच्या चित्रांचा ‘टाकांच्या फेकी’ हा संग्रह प्रसिद्ध आहे. म्हणजे चित्र काढणारा, चित्र पसंत करणारा आणि चित्र छापणारा असा एकच इसम! अर्जदार, प्रतिवादी आणि न्यायाधीश यांनी एकाच खुर्चीत बसावे हा प्रकार नाझरसाहेबांच्या अंगावर शहारे आणणारा होता, आणि त्यांनी त्याबद्दलची आपली नापसंती मिसलीत स्वतंत्र परिशिष्ट जोडून नमूद केली. हरिश्चंद्र लचके यांच्या मागे ते काही काळ होते ते केवळ ‘हसा आणि लठ्ठ व्हा’ या त्यांच्या संग्रहाच्या नावामुळे. चित्रातील गृहस्थ लठ्ठ होते, मामा हसले होते, आणि पुढे मामाही लठ्ठ झाले होते. एवढा परिस्थितिजन्य पुरावा पाहून कोणत्याही तपासी अंमलदाराचे पाऊल तिकडे वळले असते.

‘आवाज’चे प्रकरण मात्र नाजूक होते. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या त्या अंकातील खिडकीचित्रांनी महाराष्ट्रातील कित्येक सच्छील गृहस्थांची दिवाळी साजरी केली आहे. वरच्या पानाला एक खिडकी कापलेली असावयाची, तिच्यातून आतल्या चित्राचा असा काही भाग दिसावयाचा की पाहणाऱ्याने आधी इकडेतिकडे बघावे आणि मग पान उलटावे, आणि पान उलटताच सर्व काही इतके निरुपद्रवी निघावयाचे की ओशाळायचे ते पाहणाऱ्यानेच. बोकड एखाद्या खिडकीआड दडलेला असण्याचा संभव नाकारता येत नाही, असा लेखी अभिप्राय नोंदवून नाझरसाहेबांनी त्या अंकांची तपासणी विशेष बारकाईने केली, आणि एकेक खिडकी स्वहस्ते उघडून पाहिली. शेजारच्या अंकांना त्यांनी जेवढा वेळ दिला त्याच्या दुप्पट वेळ या अंकांना लागला, आणि वहिनी चहा घेऊन माडीवर आल्या तेव्हा तपास अचानक तहकूब करावा लागला.

त्यानंतर प्रश्न आला तो चित्राखाली मजकूर होता की नव्हता याचा. आणि हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. मराठी व्यंगचित्राचे दोन घाट. एकात चित्राखाली दोन पात्रांचा संवाद असावयाचा, हसू संवादाचे आणि चित्र केवळ साक्षीला. दुसरा घाट श. दि. फडणीसांनी लोकप्रिय केला. त्यात एकही अक्षर नसते, रेषा आणि रंग पाहूनच मनुष्य हसतो, आणि आपण का हसलो हे दुसऱ्याला सांगू लागला की अडखळतो. त्यांच्या ‘मोहिनी’च्या एका मुखपृष्ठावर तरुण-तरुणीच्या कपड्यांवरील उंदीर-मांजरांच्या नक्षीने जो धुमाकूळ घातला तो ज्यांनी एकदा पाहिला त्यांना पुढेही विसरता आला नाही. उलट वसंत सरवटे. पेशाने सिमेंट कंपनीतले अभियंते, पण त्यांच्या चित्रातील मागच्या गर्दीतल्या शेवटच्या इसमालाही स्वतःचा चेहरा, स्वतःची कुरबुर आणि स्वतःची टोपी. आता मजकूर नव्हता असे ठरले तर संशय फडणीसांवर जातो, आणि होता असे ठरले तर संशयितांची संख्या वाढते. मामांनी चित्राकडे बोट दाखवून दोन शब्द उच्चारले होते एवढे नाझरसाहेबांना पक्के आठवते. ते दोन शब्द म्हणजे चित्राखालचा मजकूरच असावा या गृहीतावर तपास दीर्घकाळ चालला. अखेर एका हयात मावसबहिणीची जबानी घेण्यात आली, तेव्हा ते दोन शब्द ‘पाणी आण’ असे होते, असे निष्पन्न झाले.

मासिकांकडून उलगडा होईना तेव्हा तपासाचा रोख माणसांकडे वळला, आणि इथूनच जठारपेठेच्या सार्वजनिक जीवनाला नवे वळण मिळाले. नाझरसाहेबांच्या ओट्यावर संध्याकाळी जबान्या सुरू झाल्या. पद्धत साधी असे. प्रथम चित्राचा हुलिया वाचून दाखवावयाचा, नंतर ‘बोकड मजकुराच्या तोंडी कोणती चीजवस्तू होती?’ हा एकच प्रश्न विचारावयाचा. आश्चर्य असे की, ज्याला ज्याला विचारले त्याला त्याला ते चित्र आठवले. जठारपेठेतील एकाही प्रतिष्ठित माणसाने ‘मी ते पाहिलेले नाही’ असे सांगितले नाही, आणि दोन माणसांचे बोकड एकच वस्तू खात होते असेही कधी घडले नाही.

गणिताच्या निवृत्त गुरुजींच्या मते बोकड उत्तरपत्रिका खात होता. इतकेच नव्हे तर त्या उत्तरपत्रिकेवर शंभरपैकी तीन गुण होते, आणि ते गुरुजींनी दिलेले नसून बोकडाने दिलेले असावेत असा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता. वकीलसाहेबांनी तो कागद वकीलपत्र असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले, कारण ज्या पक्षकाराने फी दिलेली नसते त्याचेच वकीलपत्र नेमके नाहीसे होते असा त्यांचा अनुभव आहे. माजी तलाठ्यांनी सातबारा सांगितला, आणि बोकडाने फक्त कब्जेदाराचे सदर खाल्ले होते, कुळाचे शाबूत ठेवले होते, हा बारकावाही पुरवला. लग्ने जुळवणाऱ्या काकूंच्या साक्षीप्रमाणे ती लग्नपत्रिका होती. कृश बाई म्हणजे वधूमाय, लठ्ठ गृहस्थ म्हणजे वरपिता, आणि छत्री ही मानपानात मिळालेली. मात्र बोकड कोणत्या पक्षाचा, हे सांगण्याचे त्यांनी टाळले, कारण दोन्ही घरी त्यांचे जाणे-येणे आहे.

उमरीकडचे एक कास्तकार जबानीसाठी आले ते बैलबंडीच्या चाकाचे काम सोडून. त्यांनी विचार न करता सांगितले की, बोकड कापसाच्या एकाधिकार खरेदीची पावती खात होता. नाझरसाहेबांनी चष्म्यावरून पाहिले आणि सांगितले की, एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली, चित्र त्याच्या किती तरी आधीचे, सबब ही गोष्ट कालदृष्ट्या असंभवनीय आहे. कास्तकार जराही डगमगले नाहीत. “मंग त्यात काय झालं, साहेब?” ते म्हणाले, “आमचा चुकारा बी तं लय मांगून येत जाय. बोकड्याले आधी पावती भेटली असन.” या उत्तरावर शेरा काय लिहावा हे नाझरसाहेबांना सुचले नाही, आणि ती जागा मिसलीत आजही कोरी आहे.

सर्वांत गंभीर प्रसंग ओढवला तो पेठेतील दोन वयोवृद्ध विदर्भवाद्यांच्या साक्षीच्या वेळी. पहिल्यांनी खुर्चीत बसण्यापूर्वीच जाहीर केले की, बोकड नागपूर करार खात होता, २८ सप्टेंबर १९५३ चा, कलमवार. लठ्ठ गृहस्थ हे पश्चिमेकडचे पुढारी, मागून उन्हात चालणारी कृश बाई म्हणजे वऱ्हाड, आणि छत्री म्हणजे जिच्याखाली आम्हाला घेण्याचे वचन दिले होते ती. दुसऱ्यांनी याला कडाडून हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, ज्या अकोल्यात ८ ऑगस्ट १९४७ रोजी अकोला करार झाला त्या अकोल्याच्या बोकडाने घरचा करार सोडून नागपूरचा खाणे ही अकोल्याची अप्रतिष्ठा आहे. दोघांचे ध्येय एक, दोघांचा बोकड एक, दोघांचा संताप एक. मतभेद केवळ वैरणीचा. तरीही तो इतका विकोपाला गेला की, दोघांनी आठवडाभर एकमेकांशी संभाषण बंद ठेवले, आणि स्वतंत्र विदर्भाच्या चळवळीची त्या आठवड्यातील बैठक कोरमअभावी होऊ शकली नाही. नाझरसाहेबांनी लिहिले: ‘साक्षीदार भावनाविवश. चहा दिला.’

रद्दीवाल्याची साक्ष त्याच्याच दुकानात घ्यावी लागली, कारण तो ओट्यावर येईना. नाझरसाहेबांनी त्याच्या दुकानातील गठ्ठे इतक्या वेळा सोडवले आणि बांधले होते की, आता बोकडाचे नाव काढले तरी तो तराजू खाली ठेवी. “साहेब,” तो म्हणाला, “तुमच्या त्या बोकड्यापायी माह्या दुकानातली रद्दी कितीकदा उलथीपालथी झाली. आता तं मले बी वाटून रायलं का थो बोकड्या रद्दीच खात असन.” नाझरसाहेबांनी तेही कलमबंद केले.

नव्या पिढीने या कामी मदत केली नाही असे नाही. नातवाने आपल्या मोबाईलला ‘लठ्ठ गृहस्थ, छत्री, बोकड’ अशी पृच्छा केली. त्यावर त्या यंत्राने बकऱ्यांचे बाजारभाव दाखवले, आणि तेव्हापासून महिनाभर नाझरसाहेबांच्या घरातील प्रत्येक मोबाईलवर शेळीपालनाच्या अनुदानाची माहिती येत राहिली. मग नातवाने कृत्रिम बुद्धीकडून ते चित्रच काढवून घेतले. चित्र झकपक होते, गृहस्थ गोरेगोमटे होते, आणि बोकडाला पाच पाय होते. नाझरसाहेबांनी ते दोन बोटांत धरून पाहिले आणि ‘बनावट दस्तऐवज’ असा शेरा मारून परत केले. करणारा अज्ञान असल्यामुळे कारवाई केली नाही.

या सर्व काळात वहिनींनी तपासाला ना विरोध केला ना उत्तेजन दिले. एकदाच, नाझरसाहेब माडीवरील पेट्या तिसऱ्यांदा उपसत असता, त्या जिन्याखालून म्हणाल्या, “अहो, त्या बोकडानं काय खाल्लं ते सावकाश सापडू द्या. गेल्या महिन्याचं विजेचं बिल कोणत्या बोकडानं खाल्लं ते आधी शोधा, उद्या शेवटची तारीख आहे.” बिल मिसलीत, तलाठ्यांच्या जबानीच्या पाठीमागे टाचलेले सापडले.

अखेर धागा हाती लागला तो अमरावतीला. जवाहर गेटच्या आतील एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर मासिकांचे गठ्ठे असल्याची वार्ता आली, आणि नाझरसाहेब एसटीने निघाले. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोला यांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून विश्वविक्रम झाला, तोच हा महामार्ग. एका बोकडाच्या तपासाला आपल्याला जितका अवधी लागला तितक्यात अशा हिशेबाने कलकत्त्यापर्यंतचा रस्ता झाला असता, ही तुलना बसमधील एका सहप्रवाशाने त्यांच्यापुढे मांडली. त्यावर रस्ता करणारांपुढे फक्त जमीन असते, तपास करणारापुढे माणसे असतात, असे त्यांनी शांतपणे उत्तर दिले. अमरावतीस उतरल्यावर त्यांनी प्रथम गिलावडा खाल्ला, कारण रिकाम्या पोटी पंचनामा करू नये असा त्यांचा जुना नियम आहे, आणि मग ते माळ्यावर चढले.

तिसऱ्या प्रहरी, जुन्या कागदांच्या धुरळ्यात बसून, एका मुखपृष्ठ गेलेल्या, पहिली पाने गेलेल्या, नाव-गाव-साल काहीही न उरलेल्या अंकात त्यांना ते चित्र मिळाले. लठ्ठ गृहस्थ होते. बंद गळ्याचा कोट होता. मागे दोन पावलांवर कृश बाई होती. छत्री उघडी होती, आणि पाऊस नव्हता. पाऊस नव्हता कारण ऊन होते, टळटळीत ऊन, मागे भेगाळलेली जमीन आणि एक निष्पर्ण झाड. ज्या शहरात वैशाखात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो त्या शहरातील एकाही साक्षीदाराला छत्रीचा हा साधा उपयोग सुचला नव्हता, ही गोष्ट मिसल वाचणाराला चमत्कारिक वाटेल. ते असो. गृहस्थ इतके अवाढव्य आणि त्यांची चाल इतकी मंद की, त्यांच्या विस्तीर्ण सावलीतच काय ती जमीन ओली राहिली होती, आणि तेवढ्या जागेत हिरवेगार गवत उगवले होते. कृश बाई त्या सावलीतून पदर सावरीत निवांत चालली होती. आणि उजव्या कोपऱ्यात, सावलीच्या अगदी काठावर उभा राहून, बोकड गवत खात होता.

चित्राखाली एकही अक्षर नव्हते. चित्रकाराची सही जिथे असावयाची तो कोपरा कसरीने खाल्ला होता. नाझरसाहेब हसले नाहीत; मुद्देमाल पाहून हसण्याचा कचेरीत प्रघात नाही. त्यांनी वाड्याच्या मालकांची लेखी परवानगी घेतली, पानाच्या छायाप्रती काढवल्या आणि मूळ अंक त्यांच्याच संमतीने, पोच देऊन, ताब्यात घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर सर्व साक्षीदारांसमोर ओळखपरेड झाली. प्रत्येकाच्या हाती एकेक प्रत देण्यात आली. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग गुरुजींनी, बोकडाची मुद्रा तीच असली तरी हा बोकड अशिक्षित दिसतो, असे मत दिले. तलाठ्यांनी जमिनीचा प्रकार कोणता ते दाखवलेले नाही असा आक्षेप घेतला. वकीलसाहेब म्हणाले की, गवत हा पुरावा कोणत्याही कोर्टात टिकणार नाही. दोन्ही विदर्भवादी, आठवड्याच्या अबोल्यानंतर, या एका मुद्द्यावर एकत्र आले की, हे ते चित्र नव्हेच. वऱ्हाडातील ऊन दाखवून त्यावर सावली लठ्ठ गृहस्थाची पाडणे हा उघड पश्चिमेकडचा कावा आहे. कास्तकार तेवढे बारकाईने पाहत म्हणाले, “गवत चांगलं हाये. पन कोन्या सालचं?” चित्र वस्तुतः फार चांगले होते, ज्याने कोणी काढले त्याला उन्हाची, माणसांची आणि बोकडांची उत्तम जाण होती. परंतु ज्याने त्याने इतकी वर्षे त्या बोकडाच्या तोंडी आपापले गाऱ्हाणे घातलेले, आणि आता त्याच्या तोंडून ते काढून घेऊन तिथे चार काड्या गवत ठेवणे हे कोणालाही आपल्या अनुभवाचा अवमान केल्यासारखे वाटत होते.

एवढ्यात चहाचा ट्रे घेऊन वहिनी बाहेर आल्या, आणि ट्रे ठेवता ठेवता त्यांनी गुरुजींच्या हातातील प्रत पाहिली. क्षणभर त्या पाहत राहिल्या, मग हसू लागल्या. “बरी शोधली हो हिनं युक्ती!” एवढेच त्या म्हणाल्या आणि पुन्हा हसू लागल्या, त्या अशा की त्यांना ठसका लागला, आणि सुनेला आतून पाणी घेऊन धावत यावे लागले. नाझरसाहेब विलक्षण गंभीर झाले. मामांच्या ठसक्याशी तंतोतंत जुळणारा हा पुरावा होता. त्यांनी लेखणी उचलली, थोडा विचार केला, आणि लिहिले: ‘साक्षीदार हितसंबंधी असल्यामुळे जबानी ग्राह्य धरता येत नाही.’

नाझरसाहेबांची स्वतःची जबानी मात्र मिसलीत कोठेही नाही, हे त्या दिवशी परत जाताना त्यांच्याच कचेरीतल्या एका निवृत्त बेलिफाने माझ्या लक्षात आणून दिले. “साहेब कायले सांगतीन?” तो हळूच म्हणाला. “साहेब नवे होते तवा पातूरकडच्या एका खेड्यात जप्तीले गेलतो आमी. साहेब पंचनामा लिवाले बसले, वारंट ओट्यावर ठेवलं, अन् बोकड्यानं खाऊन टाकलं थे. शिक्क्यासकट! अन् गंमत पाहा, जप्ती त्या बोकड्याचीच होती.” त्या प्रकरणी साहेबांना लेखी खुलासा द्यावा लागला, आणि बोकड पुराव्याअभावी मालकाकडे परत गेला. मामांच्या मासिकातला बोकड आधी की पातूरकडचा आधी, आणि कोणी कोणाचा घास पळवला, हे आता खुद्द नाझरसाहेबांनाही सांगता येईल असे वाटत नाही. मात्र आपला बोकड गवतावर संतुष्ट होणाऱ्यांपैकी नव्हे याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र संदेह नसावा.

चार दिवसांनी ओट्यावर हुकूम वाचून दाखवण्यात आला. लठ्ठ गृहस्थ, कृश बाई, छत्री आणि बोकड या चारही बाबी हुलियाशी जुळतात, हे त्यात मान्य करण्यात आले होते. परंतु प्रस्तुत अंकास नाव नाही, साल नाही, चित्रास सही नाही, मूळ प्रत्यक्षदर्शी मामा हयात नाहीत, आणि बोकडाच्या तोंडातील वस्तू कागद असल्याबद्दल सर्व निःपक्षपाती साक्षीदारांचे एकमत असता प्रस्तुत बोकड गवत खात असल्याचे दिसते. सबब हे चित्र शोधाधीन चित्राशी मिळतेजुळते असले तरी तेच असल्याचे शाबीत होत नाही. ते बेवारस मुद्देमाल म्हणून जमा करून घ्यावे आणि तपास पुढे चालू ठेवावा. हुकूम ऐकून सर्वांनी समाधानाने माना डोलावल्या. वकीलसाहेबांनी पुढील पेशी दिवाळीनंतरची मागितली आणि ती तात्काळ मंजूर झाली. कारण दिवाळीत पेठेतील घरोघरच्या पेट्या, माळे आणि फडताळे साफ झाल्याखेरीज नवा पुरावा निघणार कोठून, आणि नवा पुरावा निघाला नाही तर एवढ्या मंडळींनी संध्याकाळी नाझरसाहेबांच्या ओट्यावर जमावे तरी कोणत्या सबबीवर?